रोना : एका निर्मनुष्य बेटाचे नाव व त्याचा वृत्तान्त

स्कॉटलंडच्या वायव्येस लुईस नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या उत्तर टोकापासून ईशान्येस सुमारे ७१ किलोमीटर अंतरावर, चोहोंकडून अटलांटिक महासागराने वेढलेले, रोना हे छोटेसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०९ हेक्टर, म्हणजे पावणेतीनशे एकरांच्या आतबाहेर, आणि सर्वांत उंच जागा १०८ मीटर. रासे बेटानजीक याच नावाचे दुसरे एक बेट असल्याने यास उत्तर रोना असेही म्हणतात. दीर्घकाळ मनुष्यवस्ती राहिलेल्या ब्रिटिश बेटांत हे अत्यंत दुर्गम मानले जाते. आज तेथे कोणीही राहत नाही. मेंढ्या, करडे सील आणि समुद्रपक्षी एवढीच काय ती वस्ती, इ. स. १९८४ मध्ये उभारलेला दीपस्तंभही मनुष्याच्या मदतीवाचून चालतो.

इतिहासाच्या दृष्टीने अशा बेटाकडे लक्ष द्यावयाचे कारण काय, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. रोनाविषयी जे लिखित साधन उपलब्ध आहे ते फार थोडे आहे आणि बहुतेक सगळे बाहेरच्या मनुष्यांनी लिहिलेले आहे. खुद्द बेटावरील लोकांचा एकही लेख नाही. मात्र त्या थोड्या साधनांत एक वाक्य असे आहे की, भाषेच्या अभ्यासकास ते वाचून पुढे जाता येत नाही. त्या वाक्याकडे येण्यापूर्वी बेटाच्या नावाचा विचार करणे इष्ट होईल.

रोना या नावाच्या तीन व्युत्पत्ती संभवतात. पहिली नॉर्स भाषेतील. नवव्या शतकाच्या सुमारास या बेटांवर नॉर्स लोकांचे वर्चस्व झाले व येथील बहुसंख्य बेटांची नावे ‘बेट’ या अर्थाच्या त्यांच्या ‘एय’ या शब्दाने संपतात. ‘ह्राउन’ म्हणजे खडकाळ, ओबडधोबड भूमी. तेव्हा ‘ह्राउन-एय’ म्हणजे खडकाळ बेट. दुसरी व्युत्पत्ती गेलिक भाषेतील. गेलिकमध्ये ‘रोन’ म्हणजे सील. त्यानुसार हे सीलांचे बेट. तिसरी व्युत्पत्ती स्थानिक श्रद्धेची आहे. बेटावर संत रोनान याच्या नावाचे अतिप्राचीन प्रार्थनागृह आहे. त्यावरून हे रोनानाचे बेट. येथे गंमत अशी की, रोनान हे नावही ‘रोन’ शब्दाचेच लघुत्वदर्शक रूप असून त्याचा अर्थ ‘छोटा सील’ असा होतो. म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या व्युत्पत्तीचे मूळ एकच आहे.

ध्वनिशास्त्राच्या आधाराने या तिन्हींचा निकाल लावणे अवघड आहे, कारण नॉर्समधील ‘आउ’ हा संयुक्त स्वर गेलिकमध्ये येताना दीर्घ ‘ओ’ होऊ शकतो. त्यामुळे ‘ह्राउन’ आणि ‘रोन’ हे दोन्ही शब्द गेलिक उच्चारात एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. तरीही काही गोष्टी सांगता येतात. नॉर्स लोकांना सीलावरून नाव द्यावयाचे असते तर त्यांनी स्वतःचा ‘सेल्र’ हा शब्द वापरला असता. परक्या भाषेतील प्राण्याचे नाव घेऊन त्यास आपला ‘एय’ जोडण्याचे कारण दिसत नाही. रोनानाच्या नावावरून बेटाचे नाव पडले म्हणावे, तर त्यातील दुसरा ‘न’ कोठे गेला याचे उत्तर द्यावे लागते. राहता राहिली पहिली व्युत्पत्ती, आणि रासेनजीकच्या दुसऱ्या रोनाचे नाव याच रीतीने लावले जाते ही गोष्ट तिला अनुकूल आहे. प्रस्तुत लेखकाचा कौल तिच्या बाजूने आहे. पण हा कौल निःशंक नाही, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. रोनाचे कडे खडकाळ असले तरी त्याचा माथा हिरवागार असून तेथे शतकानुशतके जवाचे पीक येत असे. अशा बेटास खडकाळ म्हणणारा मनुष्य बहुधा होडीतून पाहून निघून गेला असावा.

नाव आधी व संत मागाहून, असा प्रकार इतरत्रही घडतो. आपल्या मुंबईच्या नावाचा ‘बॉम बाईया’ म्हणजे ‘चांगले आखात’ असा पोर्तुगीज अर्थ कित्येक पुस्तकांतून सांगितला जाई. मुंबादेवीशी असलेला नावाचा उघड संबंध त्यासाठी बाजूला सारला जाई. ऐकणाऱ्याला कळेल असा अर्थ नावात भरण्याची ही लोकप्रवृत्ती सार्वत्रिक आहे. मात्र रोनाच्या बाबतीत संतास सर्वस्वी काल्पनिक ठरविणे योग्य होणार नाही. दगडावर दगड आतल्या बाजूस सरकवीत चुन्याशिवाय रचलेली तेथील छोटी कोठी स्कॉटलंडमध्ये अद्याप उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती वास्तूंपैकी एक समजली जाते. ती सातव्या-आठव्या शतकातील, म्हणजे नॉर्स लोकांच्या आगमनापूर्वीची असावी. एकांतासाठी कोणी तपस्वी येथे आला होता यात शंका नाही. त्याचे नाव रोनानच होते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

दंतकथेप्रमाणे लुईस बेटावरील बायकांच्या भांडणांस कंटाळून रोनान एका महाकाय जलचराच्या पाठीवर बसून येथे आला. बेटावर केसाळ, भयानक श्वापदे होती. संत पुढे येताच ती मागे मागे सरकत, खडकांवर नखांचे ओरखडे काढीत, समुद्रात पडली. ही श्वापदे म्हणजे सीलच असावेत, असे मानावयास प्रत्यवाय नाही. ‘छोटा सील’ असे नाव धारण करणाऱ्या संताने सीलांस हाकलून द्यावे हा योगायोग कथाकारांच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे. संताची बहीण ब्रेनहिल्डा ही पुढे पश्चिमेकडील सुमारे १८ किलोमीटरवरच्या सुला स्गेर या खडकावर जाऊन राहिली व तेथेच वारली, असेही सांगतात. भावाचे नाव आयरिश आणि बहिणीचे नॉर्स, ही विसंगती बोलकी आहे. दोन भाषा बोलणारे लोक एकत्र येऊन एक झाल्यावरच अशी भावंडे कथेत जन्मास येतात. सुला स्गेर हे नाव मात्र स्वच्छ नॉर्स आहे : ‘सूला’ म्हणजे गॅनेट पक्षी व ‘स्केर’ म्हणजे समुद्रातील खडक. गॅनेट तेथे आजही सहस्रावधी आहेत, तेव्हा या नावास साक्षीपुराव्याची गरज नाही.

रोनाच्या रहिवाशांचे पहिले वर्णन डोनाल्ड मन्रो या धर्माधिकाऱ्याने इ. स. १५४९ च्या सुमारास केले. साधेभोळे व धर्माचे फारसे ज्ञान नसलेले लोक, असा त्याचा अभिप्राय आहे. कोणी मरण पावल्यास रात्री प्रार्थनागृहात कुदळ-फावडे ठेवून द्यावे, म्हणजे सकाळी कबरीची जागा आखलेली सापडते, ही त्यांची समजूत त्याने नोंदविली आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टार्बटचा सर जॉर्ज मॅकेंझी याने दिलेली माहिती अधिक उपयुक्त आहे. तो म्हणतो की, पिढ्यानपिढ्या येथे पाचच कुटुंबे राहत व एकंदर माणसे क्वचितच तिसाहून अधिक होत. एखाद्यास मुले जास्त झाली तर ज्यास कमी असतील त्याने त्याच्याकडील घ्यावयाची. आणि तिसाच्या वर जितकी होतील तितकी उन्हाळ्यात येणाऱ्या होडीतून लुईसला पाठवावयाची. जमीनधाऱ्याचा भरणा मेंढीच्या कातड्यात शिवलेल्या जवाच्या पिठाने व समुद्रपक्ष्यांच्या पिसांनी होई. पावणेतीनशे एकरांवर किती तोंडे पोसतील याचा हिशेब या लोकांनी पुस्तकावाचून केला होता.

यापुढील साक्षीदार मार्टिन मार्टिन. हा स्काय बेटाचा रहिवासी, मातृभाषा गेलिक. त्याचा पश्चिम बेटांविषयीचा ग्रंथ इ. स. १७०३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो स्वतः रोनास गेला नव्हता. बार्व्हास गावचे धर्मोपदेशक डॅनियल मॉरिसन यांजकडून त्याने माहिती मिळविली. रोना बेट त्या वेळी मॉरिसन यांच्या वृत्तीच्या जमिनीत मोडत असल्यामुळे त्यांनी एकदा तेथे फेरी केली होती. लोकांनी त्यांचे स्वागत करून पाच मेंढ्या मारल्या, कातडी अखंड सोलून त्यांच्या पिशव्या केल्या व त्या जवाच्या पिठाने भरून पाहुण्यास अर्पण केल्या. प्रार्थनागृहात एक लांब फळी होती. तीत फूटभर अंतरावर एकेक भोक व प्रत्येक भोकात एकेक दगड. त्या दगडांचे निरनिराळे गुण सांगितले जात. प्रसूती सुलभ व्हावी यासाठीही त्यांतील एकाचा उपयोग होई. हे लोक गेलिकवाचून दुसरी भाषा जाणत नसत. त्यांच्यापैकी कोणी क्वचित लुईसला आलाच तर एवढी माणसे पाहून थक्क होई. एकाने तेथे घोडा खिंकाळताना ऐकला आणि विचारले, हा मला हसतो काय? हा प्रश्न वाचून आपण हसतो. परंतु ज्या भाषेत घोड्याच्या आवाजासाठी लागणारा शब्द कधी उच्चारण्याचा प्रसंगच आला नाही, ती बोलणाऱ्याने जवळचा शब्द वापरला, एवढेच त्यात आहे.

आता ते वाक्य. मार्टिन सांगतो की, रोनाचे लोक आपली आडनावे आकाशाचा, इंद्रधनुष्याचा व मेघांचा रंग पाहून घेत असत. एवढेच. एकही नाव तो देत नाही.

याचा अर्थ कसा लावावा? गेलिक समाजात मनुष्याच्या नावास रंगवाचक विशेषण जोडण्याची रूढी जुनी आहे : ‘बान’ म्हणजे गोरा, ‘रुआ’ म्हणजे तांबूस केसांचा, ‘डू’ म्हणजे काळा. आपल्याकडील काळे, गोरे ही आडनावे वाचकांस सहज आठवतील. शिवाय गेलिकमधील ‘गोर्म’ हा शब्द आकाशाच्या निळ्यासाठी आणि गवताच्या गर्द हिरव्यासाठीही चालतो. ‘ग्लास’ करड्यापासून हिरवटापर्यंत पसरतो. ‘लीअ’ करडाही आहे व फिकट निळाही. जेथे रंगांचे शब्द मुळातच आभाळ, समुद्र व गवत यांच्यात वाटून गेलेले आहेत, तेथे मॉरिसन यांनी साध्या टोपणनावांस काव्यमय स्पष्टीकरण दिले असावे, अशी शंका प्रथम मनात येते.

ही शंका मात्र पुरेशी टिकत नाही. मार्टिन स्वतः गेलिकभाषी होता. तांबडा डोनाल्ड आणि काळा इयन त्याने जन्मभर ऐकले होते. त्यात त्याला नोंदण्याजोगे काही वाटले नसते. त्याने नोंद केली त्या अर्थी त्याने ऐकलेली रीत वेगळी होती. आणि टोपणनाव मनुष्याच्या केसांवरून पडते. येथे इंद्रधनुष्य व मेघ स्पष्ट सांगितलेले आहेत. बेटावर ना कुळे, ना गावे, ना धंदे. आडनाव ज्या भेदांवरून पडते ते भेदच तेथे नव्हते. पाच घरांपैकी प्रत्येक घर जव पिकवी, मेंढ्या राखी, पक्षी मारी. घर आणि घर यांत फरक दाखवावयाचा तर क्षणोक्षणी पालटणाऱ्या आकाशावाचून दुसरे काय होते? हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पाच नावांपैकी दोन जरी मार्टिनने लिहून ठेवली असती तरी ते तपासता आले असते. ग्रंथकारास ती बहुधा सहज मिळाली असती. मॉरिसन यांनी ती माणसे पाहिली होती, त्यांच्या हातचे पीठ स्वीकारले होते.

नंतर मात्र ती मिळण्याचा मार्ग उरला नाही. ग्रंथलेखनाच्या सुमारे चौदा वर्षे आधी, म्हणजे इ. स. १६८० च्या दशकात, बेटावर कोठून तरी उंदरांची धाड आली व थोड्याच दिवसांत त्यांनी सर्व धान्य फस्त केले. काही महिन्यांनी कोणी खलाशी उतरले आणि बेटावरचा बैल घेऊन गेले. वर्षभर लुईसहून मदत आली नाही. ती सबंध प्राचीन वस्ती उपासमारीने नष्ट झाली. सेंट किल्डा बेटाचा कारभारी वादळात भरकटत तेथे जाऊन लागला, तेव्हा त्यास एका खडकाच्या कडेस एक स्त्री व तिच्या छातीवर तिचे मूल, दोघेही मृत, आढळली. ही हकीकत त्याने स्वतः मार्टिनला सांगितली.

हे उंदीर कोणत्या जातीचे होते हे सांगता येण्याजोगे आहे. तपकिरी घूस-उंदीर ब्रिटनमध्ये अठराव्या शतकात आला. तेव्हा रोनावर उतरले ते जहाजांवरील काळे उंदीर असले पाहिजेत, आणि फुटलेल्या जहाजातून ते आले हेच सर्वाधिक संभवनीय. पुढे ते स्वतःही नाहीसे झाले. धान्य संपले, धान्य पेरणारे संपले, आणि उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात त्यांचाही निभाव लागला नसावा. आज रोनावर उंदीर नाही. या गोष्टीचे महत्त्व पुढे येईल.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. काही वर्षांनी नवी वसाहत पाठविण्यात आली; दुसऱ्या वर्षी तिच्याकडे शिधा घेऊन निघालेली होडी बहुधा बुडाली, आणि मार्टिनचा वृत्तान्त तेथे थांबतो. पुढे एकेक धनगर कुटुंब करारावर येऊन राहू लागले. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन मॅक्क्युलक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गेला त्या वेळी असेच एक कुटुंब जवळजवळ जमिनीत पुरलेल्या घरात राहत होते. छप्पर कोणते आणि टेकाड कोणते हे ओळखता येत नव्हते. इ. स. १८४४ च्या सुमारास शेवटचे कुटुंब निघून गेले. त्याच वर्षी लुईस विकत घेणाऱ्या सर जेम्स मॅथेसन याने रोना सरकारला कैद्यांच्या वसाहतीसाठी देऊ केले. सरकारने ते नाकारले. या मॅथेसनची संपत्ती चीनच्या व्यापारातील होती. त्याच्या पेढीच्या जहाजांतून जाणाऱ्या अफूपैकी माळव्याचा माल मुंबई बंदरातून सुटे व सर जमशेटजी जिजीभाई हे त्या पेढीचे मुंबईतील मोठे सहकारी होते. रोनाच्या इतिहासाचा आपल्या प्रांताशी पोहोचणारा एवढा एकच धागा प्रस्तुत लेखकास आढळला.

इ. स. १८८४ मध्ये लुईसच्या नेस भागातील दोन पुरुष, धर्मोपदेशकाशी वाद झाल्यामुळे, बेटावर मेंढ्या राखावयास जाऊन राहिले. पुढील वसंतात होडी गेली तेव्हा दोघेही मरून पडले होते. दिवस मोजण्यासाठी एका लाकडावर खाचा पाडलेल्या सापडल्या. त्या फेब्रुवारी १८८५ मध्ये संपतात. बेटावर राहिलेल्यांनी स्वतः केलेली, आपल्यापर्यंत पोहोचलेली ही जवळजवळ एकमेव नोंद होय.

इ. स. १९३८ मध्ये फ्रेझर डार्लिंग हा प्राणिशास्त्रज्ञ पत्नी व लहान मुलासह उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत रोनावर राहिला. त्याचा हेतू करड्या सीलांचा अभ्यास हा होता. परंतु त्याने संत रोनानाच्या कोठीतील माती व दगड उपसून आतली भूमीही मोकळी केली. शरद ऋतूत, मुख्यतः सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, सीलांच्या माद्या किनाऱ्यावर येतात, पांढऱ्या लोकरीसारख्या केसांचे एक पिलू देतात, सुमारे अठरा दिवस अन्नावाचून राहून त्यास पाजतात आणि समुद्रात परत जातात. रोनावर त्यांची मुख्य जागा म्हणजे फियानुश हा उत्तरेकडील सखल भाग. माद्या स्वतःच्या जन्मस्थानाजवळच व्यावयास येतात, हे याच बेटावरील पुढील दीर्घ संशोधनात दिसून आले आहे. एके काळी ही वसाहत जगातील मोठ्या वसाहतींत गणली जाई. अलीकडच्या दशकांत ती बरीच घटली आहे. तीस माणसे, त्यांची गुरे व कुत्री असताना एवढे सील बेटावर चढत असतील हे संभवत नाही. मनुष्य गेल्यानंतरच ही वसाहत वाढली असावी. म्हणजे ‘सीलांचे बेट’ हा नावाचा अर्थ, जो व्युत्पत्तीने सिद्ध होत नाही, तो बेटास मागाहून शोभू लागला.

इ. स. १९५६ मध्ये रोना व सुला स्गेर ही बेटे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाली. पक्ष्यांपैकी सर्वांत विशेष म्हणजे लीचचा वादळपक्षी. हा चिमुकला काळसर पक्षी, वजन पन्नास ग्रॅमच्या आत, वर्षाचा बराच काळ खुल्या महासागरावर काढतो. जमिनीवर येतो तो केवळ अंडे घालण्यासाठी, आणि तोही रात्रीच्या अंधारात. त्याच्यासाठीच रॉबर्ट ॲटकिन्सन हा तरुण इ. स. १९३६ मध्ये एका सोबत्यासह बेटावर जाऊन राहिला होता. या पक्ष्याची बिळे पाच कुटुंबांच्या ओस गावात, भिंतींच्या दगडांमधील फटींत आणि ढासळलेल्या घरांवरील गवताळ मातीत आहेत. भोवताली जवाच्या शेतीचे वाफे अजून उठून दिसतात. जमिनीत बीळ करणाऱ्या अशा पक्ष्यास उंदीर असलेल्या बेटावर टिकाव धरता आला नसता. एक जहाज फुटून उंदरांची एक जोडी पुन्हा आली तर काय होईल, हे रोनाच्या इतिहासावरूनच कळण्यासारखे आहे.

पक्षी दिवसा दिसत नसल्यामुळे त्याची गणना कानाने करावी लागते. अभ्यासक प्रत्येक भिंतीच्या फटीशी व बिळाच्या तोंडाशी त्याच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका लावतात आणि आतून उत्तर येते की नाही ते ऐकतात. आत असलेला प्रत्येक पक्षी उत्तर देतोच असे नाही, म्हणून मिळालेल्या उत्तरांचा आकडा ठराविक प्रमाणात वाढवून धरावा लागतो. या पद्धतीने इ. स. २००१ मध्ये रोनावर सुमारे अकराशे जोड्या मोजल्या गेल्या, इ. स. २००९ मध्ये त्या सुमारे सातशे भरल्या.